सशांनी टाकलेलं गवत

राहीचा दिवस पहिल्या कोंबड्याला सुरू व्हायचा. तोंड धुण्याआधी ती गवताचा भारा बांधायची. पहाटे दवाने काडी मऊ असते, मोडत नाही. ऊन चढल्यावर बांधलं तर चुरा होऊन गवत वाटेतच सांडतं. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, आणि हातखंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीतून रत्नागिरीपर्यंत पायी. मी चिरेखाणीत उमर घालवली. चिरा जड, पण दमलं की खाली ठेवता येतो. भारा उतरवला तर परत चढवायला दुसरं माणूस लागतं. राही विधवा, एकटी चालणारी. ती उतरवायचीच नाही.

पूर्वी टांगेवाले तिचं गवत वाटेत अडवून घ्यायचे. मग मोटारी आल्या, घोडे गेले. सन चौतीसच्या सुमारास तिचं एकच घर उरलं, राजिवड्यातल्या हमिदाबीचं. नवरा करीम बोटीवर खलाशी. दारात एक म्हैस, आणि करीमने मुंबईच्या बाजारातून आणलेले दोन ससे, एक पांढरा, एक करडा. हे घर तुटलं असतं तर राहीचं गवत घ्यायला कोणी नव्हतं.

शिमगा झाला आणि सशांनी गवत टाकलं. हमिदाबीने भाऱ्यात हात घातला. हाताला ओल लागली.

"राहीबाय, ओलं गवत आणतेस. ससे तोंड लावत नाहीत, ते म्हशीला कसं घालू?"

"बी, दव हाय ते. घटकाभर उन्हात टाका, उडून जाईल."

"माझे ससे खोटं बोलतात काय?"

"ससे कशाला बोलतील? बोलताय त्या तुमीच."

हमिदाबीला हसू आलं, पण ती मागे हटली नाही. "थोडे दिवस बघते. नाही खाल्लं तर दुसरीकडून घेईन."

राहीने पद्धत बदलली. गवत उन्हात पसरायचं, कोरडंठाक झालं की बांधायचं, भर दुपारी निघायचं. चुरा सांडायचा, भारा अर्धा व्हायचा, डांबर नसलेल्या रस्त्याची धूळ तोंडात जायची. सशांनी खाल्लं नाही. मग ती डोंगरापलीकडच्या सड्यावरून, उघड्या कातळमाळावरून, बारीक पात्याचं गवत आणू लागली. चढ वाढला. तेही पडून राहिलं.

मी म्हटलं, "वैनी, पाय राहतील का?"

"ऱ्हायले न्हाय तर बसून काढीन. घर जाता नये."

इकडे हमिदाबी सशांना आजारी माणसाला देतात ते देत होती. मऊ भात, दुधात भिजवलेला पाव. लाडाने थोडं आधीपासूनच चाललं होतं, आता तेवढंच. ते मात्र ससे खायचे. मग दोष गवताचाच ठरला.

एका दुपारी भारा टाकून राही पडवीत टेकली. हमिदाबीने पाणी आणि भाकरीचा तुकडा दिला. राहीच्या दाढा किडलेल्या, पुढचे दात हलणारे. तिने तुकडा तोंडाशी नेला, एका बाजूने धरून पाहिला, खाली ठेवला. समोर खोक्यातला पांढरा ससा धावत गवताशी आला. त्याने काडी उचलली, फिरवली, टाकली. दुसरी उचलली, टाकली. त्याची हनुवटी लाळेने भिजलेली होती.

"बी, ह्यो भुकेला हाय. ह्याचं तोंड दुकतंय. माज्यासारकं."

"तू कधीपासून हकीम झालीस?"

"हकीम न्हाय. पन ही भाकर बगा, मला तरी कुटं चावली?"

हमिदाबीने अयूब नालबंदाला बोलावलं. टांगे गेल्यापासून तो घरीच बसून असे. त्याने पांढऱ्याचे ओठ उचलले. पुढचे दात वाढून वाकले होते, खालचे बाहेर आले होते.

"घोड्याचंही असंच," तो म्हणाला. "दात वाढत राहतात, गवत चावून झिजतात. भाताला चावायला काय लागतं?"

हमिदाबीने भाताची वाटी आत नेऊन ठेवली.

राहीने ससा पदरात घट्ट धरला. अयूबने बारीक कानशीने दात घासले. जरा घासायचं, थांबायचं, त्याला श्वास घेऊ द्यायचा. ते काम सावकाशच करावं लागतं, त्याने सावकाशच केलं. करड्याचे पुढचे दात ठीक होते, दुखणं आत दाढांत होतं.

"माझी कानस तिथं पोचत नाही," अयूब म्हणाला.

करडा थोड्या दिवसांत गेला. पांढरा आधी गवताचा चुरा खाऊ लागला, मग आख्खी काडी. ते बघून हमिदाबी राहीला म्हणाली, "भारा चालू ठेव. आणि दवातच बांध. भर उन्हात येऊ नको."

पुढे कितीतरी वर्षं भारा गेला. त्यावर राहीचं मीठ, तेल आणि छपराची शाकारणी भागली. अंगाला नवं लुगडं क्वचित. शेवटी तिचे सगळे दात गेले तेव्हा तिने बाजारातून एक लोखंडी खलबत्ता घेतला. एरवी परतताना तिचं डोकं मोकळं असायचं, त्या दिवशी त्यावर खलबत्ता होता. त्यात ती सुपारी कुटायची. स्वतःसाठी दुसरं काही घेतलेलं मी पाहिलं नाही.