न वाळलेला वीरगळ

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी मी बाई नाही. वीस वर्षं जमिनीतली मडकी-हाडं उकरतेय, स्मशानाच्या कडेला बसून डबा खाल्लाय. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय... पण लिहिते.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. कराडच्या खाली कृष्णेवर नवा पूल होणार होता. काम सुरू व्हायच्या आधी जोडरस्त्याच्या पट्ट्यात पायी फिरायचं, जुनं काही आहे का ते बघायचं, नोंदवायचं — हे आमचं काम. मी आणि ड्रॉइंग करणारे सलीमभाई, दोघंच.

उसाच्या बांधावर, नेमका रस्त्याच्या आखणीत, एक वीरगळ उभा होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. कोरीव काम पार झिजलेलं, वर कुंकवाचा एक जुना टिळा. असा झिजलेला दगड असला की आम्ही त्यावर पाणी ओततो. ओल्या दगडावर रेघा उठून दिसतात, फोटो चांगला येतो. मी बाटली उघडली तोच उसातून हाक आली, "आवं बाई, पानी नगा घालू!"

त्या हौसाक्का, शेताच्या मालकीण. साठीच्या पुढच्या, धापा टाकत आल्या. त्यांच्या घरातला माणूस पलटणीत निघाला की दगडाला टिळा लावून जातो. सुट्टीवर आला की आपल्या हातानं दगडाला आंघोळ घालतो. मधे पाऊस पडला तर पडला, पण माणसानं पाणी लावायचं नाही.

"माझा संभा वर बर्फात हाय," त्या म्हणाल्या. "त्यो येईस्तवर दगड कोरडा ठेवायचा बगा."

"बरं आक्का," मी म्हटलं. त्या उसात तण भांगलायला गेल्या, आणि मी पाणी ओतलं. खोटं कशाला सांगू?

सलीमभाई म्हणाले, "मॅडम, राहू द्या ना..."

"पाच मिनिटांत वाळेल हो, ऊन बघा की केवढं!" फोटो झकास आले. टिळा मात्र ओघळून गेला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गेलो, तर दगड ओला. वळीव पडला नव्हता, पाटाला पाणी नव्हतं. बुडाशी माती भेगाळलेली, कोरडी ठणठणीत. रुमालानं पुसला, पुन्हा ओला. शेजारच्या दुसऱ्या दगडावर मुद्दाम पाणी ओतून बघितलं. तो बघता बघता वाळला.

हौसाक्का आल्या. दगडाला हात लावला, ओला तळवा बघितला. "कुनी भिजवला?"

"दव असेल," मी म्हटलं. एप्रिलात दव! लाज वाटते आता.

तिसऱ्या दिवशीही तेच. हौसाक्का दगडाला पाठ लावून बसल्या होत्या, लुगडं पाठीवर भिजलेलं. संभाचा फोन दोन दिवस लागत नव्हता. मला राहवलं नाही. खाली बसले आणि सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शिकल्याली मानसं तुमी," एवढंच म्हणाल्या, आणि पदरानं दगड पुसायला लागल्या. मीही पुसायला लागले. दुपारभर आम्ही दोघी पुसत होतो.

चौथ्या दिवशी आम्ही बांधावरच होतो. दीड वाजला असेल. दगड वरून खाली वाळत आला, आमच्या डोळ्यांदेखत. हौसाक्का दोन्ही हातांनी तो चाचपत राहिल्या. संध्याकाळी त्यांचा फोन वाजला.

पंधरा दिवसांनी संभा सुट्टीवर आला, तेव्हा आक्कांनी मला निरोप धाडला. बांधावर त्यानंच सांगितलं, "गाडी नाल्यात गेली, मॅडम. बर्फाचं पानी. आमी चौघं तीन दिस मधल्या एका खडकावर अडकल्यालो. अंगावरचं कापड वाळलंच न्हाई. चवथ्या दिवशी दुपारी काढलं आमास्नी."

त्यानं दगडाला आंघोळ घातली. मग आक्कांनी तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. "आता घाला तुमी."

निम्मं पाणी माझ्याच पायावर सांडलं. उरलेलं दगडावर ओतलं. सलीमभाईंची सिगारेट संपायच्या आत दगड वाळला.

दगड जागेवरच ठेवावा असं मी अहवालात लिहिलं. रस्ता आता त्याला वळसा घालून जातो. पण मी पाणी ओतलं म्हणून ते पोर भिजलं, की ते भिजणार होतं म्हणून दगड वाळत नव्हता? मला आजही सांगता येत नाही, आणि रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी काम करताना हे आठवतं.

आता कुठल्याही गावात दगडावर पाणी ओतायच्या आधी मी एकच विचारते — इथलं कुणी बाहेर आहे का?