भाकरीची कड

पृथ्वी सपाट आहे हा शोध झाई गावच्या भिकाला लागला, तो गुडघे गेल्यावर. त्याआधी त्याला सवडच नव्हती. जन्मभर तो तांडेल म्हणून मासेमारीची बोट हाकत आला. गुडघ्यांनी दगा दिला तसा घरी बसला, हाती मोबाईल आला, आणि नको ते व्हिडिओ बघायला लागला.

रोज सकाळी प्रविणच्या टपरीवर त्याचं चालू व्हायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"भाकरी आहे भाकरी! मधे आपण, कडेला सगळीकडून बर्फाची भिंत. त्या कडेला गेलेला माणूस परत आलेला नाही."

"काका," प्रविण म्हणायचा, "हा तुमचा व्हिडिओ अमेरिकेतून येतो, समुद्राच्या तळाला टाकलेल्या तारेतून."

"मग? तार सपाट जागेवरच नीट बसते."

यावर प्रविण चहा गाळायला घ्यायचा. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

घरी आल्यावर भिका तेच सगळं हिरूला, म्हणजे बायकोला, पुन्हा ऐकवायचा. ती तांदळाची भाकरी थापत असायची. हं नाही की चूं नाही. ही ऐकतच नाही, अशी भिकाची खात्री होती. तिथेच तो फसला.

त्यांचा एकुलता एक मुलगा मिथुन मालवाहू जहाजावर खलाशी. यंदा जहाज युरोपला निघालं होतं. तांबड्या समुद्रात गडबड आहे म्हणून आफ्रिकेला पार खालून वळसा घालणार, असं त्याने फोनवर सांगितलं. "आई, तिकडे थोडे दिवस फोन लागणार नाही हं." आणि खरंच फोन लागेनासा झाला.

हिरूने भाकरी करणं बंद केलं.

एक दिवस भात झाला, दुसऱ्या दिवशी भात, पुढेही भातच. शेवटी भिकाने विचारलं, "पीठ संपलं काय?"

"पीठ आहे," हिरू म्हणाली. "आफ्रिका कुठे येते ते प्रविणला विचारलं मी. पार खालच्या टोकाला येते, म्हणाला. पोरगं माझं तिथे कडेला गेलंय, आणि मी इथे भाकरीची कड मोडून खाऊ?"

भिका घाईने म्हणाला, "अगं, तिकडे नेटवर्क नसतं."

"गेलेला परत येत नाही, हे कोण म्हणालं? नेटवर्क म्हणालं?"

संध्याकाळी भिका गुडघे सांभाळत तिला किनाऱ्यावर घेऊन गेला. दोघं वाळूत बसली. पाठीमागे, पार लांब, महालक्ष्मीचा डोंगर दिसत होता.

"आम्ही बोट घेऊन लांब जायचो, तेव्हा महालक्ष्मीच्या डोंगराचं काय व्हायचं?"

"बुडायचा," हिरू म्हणाली. झाईत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लांब गेलेली बोट 'डोंगर बुडवून गेली' असंच तिथे म्हणतात.

"आधी पायथा, मग पोट, शेवटी सुळका. खरंच बुडायचा काय?"

"बुडेल कशाला? तुम्ही दर्यात असलात की मी त्यालाच हात जोडायची."

"आणि आम्ही परत येताना?"

"आधी सुळका वर यायचा. तुम्हीच तर सांगायचात."

भिकाने हवेत हाताने कमान काढली. "म्हणजे मधे पाण्याचाच फुगवटा आडवा येतो. भाकरी नाही ती, हिरू. गोल आहे. तिला कडच नाही. पोरगं पडेल कुठून? डोंगरासारखे आपण त्याला बुडालोय एवढंच. वळसा घालून येईल."

हिरू त्याच्याकडे वळली.

"हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"जन्मभर."

"मग टपरीवर काय बडबडता?"

भिका गुडघे धरून उठायला लागला. बोटीवर त्याच्या एका हाकेसरशी माणसं उठायची. बोट हातची सुटली तसं त्याचं ऐकायला कोणी उरलं नाही; टपरीवर निदान भांडायला तरी लोक ऐकत होते. पण हे काही बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी ताटात भाकरी आली. जरा करपली होती. भिकाने कडेसकट खाल्ली.

सकाळी टपरीवर प्रविणने हाक दिली, "या काका! भिंत वितळली की आहे अजून?"

"पृथ्वी गोल आहे," भिका म्हणाला.

प्रविणच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "कधीपासून?"

भिकाने खिशातून मोबाईल काढून बघितला. मिथुनचा मेसेज नव्हता. त्याने मोबाईल परत खिशात ठेवला.

"मिथुन घरी येईपर्यंत गोल आहे," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू."