घाण्याच्या वाटेवरची फियाट

खांब गावचा नथानियल म्हणजे सगळ्या गावाचा नथूभाऊ. सत्तावीस वर्षं एस.टी.त फिटर म्हणून झिजला आणि निवृत्त झाला, पण अंगातली खाकी पॅन्ट सुटली नव्हती आणि तोंडातला डेपो तर मुळीच नाही.

"एवढाल्या लाल गाड्या सरळ केल्या मी," शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी अंगणात कमरेवर हात ठेवून तो ओरडत होता, "आणि ही टिचभर फियाट मला अक्कल शिकवते!"

फियाट एकोणसत्तरची. तिच्या स्टिअरिंगचे सांधे इतके खिळखिळे झाले होते की, चाक चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नसायचा. कोलाडचा गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. नथूभाऊला पुढचा आठवडा नको होता. त्याने पेणहून नवे सांधे आणले आणि आंब्याच्या सावलीत घरीच बसवले. बसले झकास. पण सांधे बदलले की पुढची दोन चाकं एकमेकांशी पुन्हा जुळवावी लागतात, आणि तिथेच सकाळपासून घोडं अडलं होतं. सुतळी ताणून, टेप लावून तो मोजायचा. दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांपेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी हवं. अंगणात ते बरोब्बर एक सूत भरायचं. रस्त्यावर नेली की गाडी डावीकडे ओढायची. परत आणायचा, सांध्याचे आटे फिरवायचा, मोजायचा, न्यायचा. पुन्हा डावीकडे. तिसऱ्या खेपेला तर ती हायवेवरून थेट गटाराकडे निघाली, आणि डोलवीच्या कंपनीत माल नेणाऱ्या ट्रकवाल्याने मागून त्याच्या आईची आठवण काढली.

घाई होती ती रविवारची. रविवारी त्याच्या बाबांच्या मृत्यूचा वर्षदिवस. कद्दिशची, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हवेत, नऊ चालत नाहीत. एके काळी एकट्या खांबात त्याच्या ज्यू लोकांची अकरा घरं होती. आता ती इस्रायलला गेली आणि त्यांची पत्रं तेवढी येतात. पेणला सात पुरुष उरले होते. रोह्यात दोन म्हातारे, जोसेफकाका आणि डॅनियल. दहावा हा स्वतः. गेल्या साली जोसेफकाकांना गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवेना. पेणच्या मशिदीत (आपल्या सिनेगॉगला ही माणसं मशीदच म्हणत) नऊ जण दुपारपर्यंत दाराकडे बघत बसले आणि बाबांच्या नावाची कद्दिश न म्हणता घरी गेले. ते नथूभाऊला वर्षभर टोचत होतं. या साली दोघा म्हाताऱ्यांना तो दारातून उचलून फियाटमध्ये घालून नेणार होता. पण शनिवारी हा माणूस पान्याला हात लावत नाही. शुक्रवारी दिवा लागला की काम संपलं.

"अवो, सूर्य बघा कुठं आला," घरातून रूथ म्हणाली. "मी दिवा लावला ना, की मग मला काय सांगू नका."

"लाव गो! आत्ताच लाव! माझ्या उरावर लाव!"

"उरावर कशाला? तेल सांडंल."

शेजारचा सखा बिडी ओढत बांधावर बसला होता. भात झोडून झालेलं, वाल अजून काढायचे होते, म्हणजे माणूस मोकळा.

"नथूभाऊ, एक बोलू?"

"नको."

"तुमच्या बापानं जन्मभर घाण्याला बैल फिरवला. शनवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली तुम्ही. तुमच्या घरची गाडी सरळ जाईल कशी? ती गोलच फिरायची."

"सख्या, पाना फेकून मारीन."

"मारा. पण डाव्या हातानं मारा. गाडी तिकडंच ओढतेय."

नथूभाऊ पुन्हा गाडीखाली शिरला. पाठीला खडे टोचत होते, कोपराला ग्रीस लागलं होतं. चूक असेल कुठे? सांधे नवे. हवा दोन्हीकडे सारखी. सुतळी ताठ. बाहेर येऊन त्याने चौथ्यांदा मोजलं. एक सूत! त्याने टेप आंब्याच्या बुंध्यावर आपटला.

"टेप खोटा हाय," सखा म्हणाला.

"टेप नाय खोटा! माझं नशीब खोटं हाय! उद्या हात लावायचा नाय, परवा पहाटे निघायचं. त्या दोघा म्हाताऱ्यांना असल्या गाडीत घालून गटारात नेऊ? मग कद्दिश तिघांचीच म्हणायला लागंल!"

"शुभ बोला जरा," म्हणत रूथ बादली घेऊन बाहेर आली. दिव्याआधी अंगणात पाणी शिंपडायची तिची रीत. नवऱ्याच्या आरडाओरड्याने तीही वैतागलेली. तिने शिंपडलं नाही, बादलीच भिरकावली.

"अगो, गाडीखाली कशाला—"

पाणी पसरलं नाही. ते गाडीखालून वळत गेलं, डाव्या पुढच्या चाकाशी साचलं, आणि तिथून आंब्याला वळसा घालून कोयत्याच्या पात्यासारखं चकाकत राहिलं.

नथूभाऊ उकिडवा बसला. त्याने ओल्या जागेवर तळहात ठेवला, मग शेजारच्या कोरड्यावर. चांगला दोन बोटं खोल, हातभर रुंद पट्टा. अंगणातला घाणा मोडून वीस वर्षं झाली होती. बैल गेला, घाण्याची लाकडी लाट गेली, बाबा गेले. रूथ दरसाल वरून सारवत होती, म्हणून अंगण डोळ्यांना सपाट दिसायचं. पण पन्नास वर्षं बैलाने तुडवलेली वाट खाली तशीच बसलेली होती, आणि त्या वाटेत फियाटचं एक चाक सकाळपासून दर खेपेला ऐटीत उभं राहत होतं. एक चाक खाली, एक वर. मोजलेलं सगळं अंगणापुरतं खरं, रस्त्यावर खोटं.

"बाबा," तो दातओठ खात पुटपुटला, "तुमच्याचसाठी मरतोय ना मी इथं!"

"आता सपाट जागा कुठं?" रूथ म्हणाली.

"हैबतरावाच्या पोह्याच्या गिरणीचा कोबा!" सखा बिडी टाकून उठला. "शिमिटाचा हाय. पाणी ओतलं तर कुठं जावं ते पाण्याला कळत नाय."

कोब्यावर भात वाळत घातलेलं होतं. हैबतराव गल्ल्यावरून "अरे, अरे" करत धावत येईपर्यंत सखाने दोन गाड्यांइतकी जागा झाडून काढली होती.

"शेट, यांच्या बापाचं काम हाय," सखा म्हणाला.

"त्यांचा बाप वारला ना?"

"त्याचंच काम हाय!"

नथूभाऊने मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा जास्तच भरलं, तेही तीन सूत. त्याने इतकी कडवट शिवी हासडली की हैबतराव दोन पावलं मागे सरला. आटे फिरवले, गाडी पुढेमागे ढकलायला लावली, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवले. एक सूत. नट आवळून तो रस्त्यावर गेला आणि हात सोडून पाहिले. फियाट नाकासमोर गेली. फक्त आतलं स्टिअरिंगचं चाक तिरकं राहिलं होतं, तेही सरळ करायला पाव तास हवा होता. तेवढ्यात अंगणातून रूथची हाक आली. खिडकीत दिवा दिसत होता. त्याने गाडी रस्त्याकडेलाच ठेवली आणि पाना मागून आलेल्या सखाच्या हातात दिला.

रविवारी नागोठण्याच्या पुढे जोसेफकाकांनी विचारलं, "नथू, रस्ता सरळ, मग चाक तुझं वाकडं का?"

"गाडी सरळ जातेय ना? मग बसा गप."

"मला वाटलं, माझी मान वाकडी झाली."

पेणला दारातच कोणीतरी मोजत होतं. आठ, नऊ. ग्रीस बसलेली नखं लपवत नथूभाऊ शेवटी आत शिरला, आणि दहा झाले.

सोमवारी फावडं घेऊन तो अंगणात उतरला. तो पट्टा भरून काढायचाच, असं ठरवून. अर्धं घमेलं ओतलं, पायाने दाबलं, मग उकिडवा बसून बैलाच्या उरलेल्या वाटेवरून तळहात फिरवला.

"काय झालं?" रूथने विचारलं.

"माती बरोबर नाय," तो खेकसला. घमेल्यातली उरलेली माती त्याने बांधावर नेऊन टाकली, आणि फियाट काढून पलीकडे, विहिरीजवळ लावली.