वरलं तळं, खालची चूल

आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे, तेव्हा मीही इथं तसंच म्हणणार. आमचे मामा म्हणजे भवानीनगरजवळच्या वस्तीवरचे गेणबा. कारखान्यात उसाच्या गाड्या जिथं उभ्या राहतात त्या तळावर ते वॉचमन होते. अंगानं काटक, डोक्याला लाल पटका, बोलणं कमी. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. सामान एकटं टाकून ते जागचे हलत नसत. माझ्या लग्नात 'नवऱ्याचा बाप कुठाय' म्हणून सगळा मांडव पालथा घातला, तर हे बाहेर वऱ्हाडाच्या टेम्पोपाशी ट्रंकांवर राखण करत बसलेले. अक्षता त्यांनी तिथूनच आमच्या दिशेनं टाकल्या. मी नवी नवरी, मला धड हसताही येईना.

आत्यांचं नाव सारजा. त्याही तशाच. बारामतीच्या बाजाराला दोघं मिळून निघायचे, पण बाजारात दोघं कधी बरोबर दिसायचे नाहीत. एकानं पिशव्यांपाशी बसायचं, दुसऱ्यानं फिरायचं, मग अदलाबदल. मी एकदा म्हटलं, "आत्या, पिशवीत कांदे तर आहेत. ते कोण पळवणार?"

"सामानाला मानूस लागतंच, बाई," त्या म्हणाल्या.

ही सवय, मामा मेंढरं राखायचे त्या दिवसांतली. दिवाळी झाली की मामांचा कळप कोकणाकडं निघायचा. तेव्हा मी या घरात नव्हते, पण ऐकून ऐकून ती वाट मला पाठ झाली आहे. पुरुष मेंढरं चारत रानानं, डोंगरानं जायचे. बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून सडकेनं पुढं व्हायच्या. तवा, पीठ, घोंगड्या, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसवलेलं अंगावरचं पोर. मुक्कामाच्या जागी पोचून चूल मांडायची, बिऱ्हाड राखायचं, आणि तिन्हीसांजेला मेंढरं मागून यायची. नवरा-बायको एकाच गावाला निघालेले, पण दिवसभराची वाट वेगळी.

भोरच्या पलीकडं, घाट लागायच्या आधी एक डोंगर होता आणि त्याच्या सपाट माथ्यावर एक तळं. मामा त्याला 'वरलं तळं' म्हणायचे. लादलेलं घोडं तिथं चढत नसे, म्हणून मेंढरं वरून जायची आणि बाया खालून वळसा घालायच्या. रात्री भाकरी खाताना मामा आत्यांना सांगायचे. पाणी इतकं गार की मेंढरं घोट घेऊन अंग झाडतात. पलीकडचा कडा सगळाच्या सगळा पाण्यात उलटा उभा राहतो. पुढची मेंढी काठाशी जाते, पाण्यात दुसरा कळप बघून बुजते, आणि मागच्या सगळ्या तिच्या अंगावर येऊन आदळतात. एरवी चार शब्द न बोलणारा हा माणूस तळ्यावर आला की थांबायचा नाही. सगळं ऐकून झालं की आत्या म्हणायच्या, "एकदा मला बी न्या की वर." मामा म्हणायचे, "म्होरल्या साली." दर साली हेच.

पुढं कालव्यानं सगळीकडं ऊस झाला, मेंढरं बसवायला मोकळं रान राहिलं नाही. कळप विकला. मामा कारखान्यात लागले, आत्यांनी शेत सांभाळलं. तळं मात्र घरात राहिलं. संध्याकाळी लाइट गेली की आत्या म्हणायच्या, "सांगा की तळ्याचं." मामा सांगायचे, आणि शेवटाला पुन्हा तेच, 'मला बी न्या' आणि 'म्होरल्या साली'. आता मेंढरं नव्हती, घोडं नव्हतं, मग अडलं होतं कुठं? मी हे बोलून दाखवलं तर माझा नवरा रणजित म्हणाला, "तू गप बस जरा." मी गप बसले, पण मला पटलं नव्हतं.

शहाण्णव साली मामा नोकरीतून सुटले. आत्यांचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते. त्या दिवाळीत माझ्यादेखत त्या म्हणाल्या, "आवो, आवंदा न्हाय नेलं तर मग माझं पाय मला न्यायचं न्हाईत." मामांनी वर बघितलं आणि म्हणाले, "जाऊ."

रणजित म्हणाला जीप करू. मामांनी ते उडवून लावलं. त्यांना कारखान्यातल्या कुणीतरी एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' पासाचं सांगितलं होतं, एकदा काढला की चार दिवस वाटेल त्या गाडीत बसा. माझा भाऊ बारामतीला कॉलेजात होता आणि पोरांबरोबर डोंगर हिंडायचा. त्याची पाठीवरची सॅक मी मागून आणली. तिच्यात तवा, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि दोन घोंगड्या बसल्या. धोतर, पटका आणि पाठीवर निळी सॅक! बारामतीच्या स्टँडवर लोक वळून बघत होते. आत्यांना तर हसू आवरेना.

"आता कळंल घोड्याला काय हुत हुतं त्ये," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

इथवर सगळं झकास होतं. पण पास हातात आला आणि मामांच्या डोक्यानं घेतलं, पास काढलाय तर वसूल झाला पाहिजे. जेजुरी झाली, ते ठीक. देवाला डावलून पुढं कसं जायचं? पण तिथून हे निघाले कोल्हापूरच्या जोतिबाला. आत्या म्हणाल्या, "आधी तळं बगू." मामा म्हणाले, "तळं काय पळून चाललंय व्हय? गाडी फुकट हाय." दोन दिवस आत्या एसटीच्या बाकड्यावर गुडघे मोडून बसल्या आणि रात्री स्टँडच्या फरशीवर निजल्या. कुरकूर एकदाही केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपार कलत असताना गाडीनं त्यांना डोंगराखालच्या गावात सोडलं. आत्या खाली उतरून किती तरी वेळ वरच बघत होत्या. चढ मोठा नव्हता. आत्या नंतर सांगायच्या, "तवा पाय धड हुतं माजं. मी चढले असते." गावाच्या कडेला आंब्याखाली मामांनी सॅक उतरवली. सॅक जमिनीला टेकली आणि आत्यांचे हात आपोआप चुलीसाठी तीन दगड शोधायला लागले.

मामा डोंगराकडं बघत म्हणाले, "वाट मोडली असंल. बगून येतो."

"या जाऊन. तवर मी भाकऱ्या टाकते."

बस्स, एवढंच झालं. दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, जन्मभर वाट बघितली, ते समोर घटकाभराच्या चालीवर होतं, आणि ही बाई पीठ मळायला बसली! मी असते तर ती सॅक ओढ्यात फेकून दिली असती आणि दोघांना दंडाला धरून वर नेलं असतं. आजही हे आठवलं की माझा संताप होतो.

वाट मोडली नव्हती. मामा वर पोचले. तळं होतं तसंच होतं, कडाही पाण्यात होता तसाच उलटा. फक्त बुजायला मेंढरं नव्हती. मामा काठाला बसले आणि उन्हं पाण्यातनं निघून गेली तरी बसूनच राहिले. अंधार पडता पडता खाली आले तेव्हा भाकऱ्या तयार होत्या. पहिला घास घेऊन त्यांनी सुरुवात केली, "सारजे, पानी तसंच हाय बग." आत्या जाळ सारत ऐकत होत्या, मध्येच विचारत होत्या, मेंढरं बुजायची ती जागा दिसली का, काठाला गवत आहे का. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला बी न्या की."

"उद्या," मामा म्हणाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा 'उद्या' म्हणाले.

उद्या उजाडलं तेव्हा आत्यांचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. दोन दिवसांची गाडी आणि रात्रीची थंडी, दोन्ही एकदम भोवलं. तरी त्या उठल्या. मामांच्या खांद्याला धरून पहिल्या चढापर्यंत गेल्या आणि एका दगडावर बसल्या. पुढं पाय उचलेना. पाण्याला निघालेली गावातली प्रयागबाई थांबली. सगळी हकिकत ऐकून म्हणाली, "आवो, मग काल दोघं मिळून का न्हाई गेलासा?"

"सामानाला मानूस लागतं," मामा म्हणाले.

"माझ्या ओट्यावर टाकायचं की. हितं कोन हात लावतंय?"

मामा मला नंतर म्हणाले, ती बाई हे बोलली आणि त्यांनी आंब्याखालच्या सॅककडं बघितलं. एक तवा होता आणि दोन घोंगड्या. ते तिथंच मट्कन खाली बसले.

प्रयागबाई भली होती. पोरांना बोलावते, झोळी करून आजीला वर नेतील, म्हणाली. आत्यांनी ऐकलं नाही. "जित्यापनी खांद्यावर न्हाय जायाचं मला." पासाचा तो शेवटचा दिवस होता. सकाळच्या गाडीनं दोघं निघाले. खिडकीतून डोंगर दिसत होता तोवर आत्या बघत होत्या आणि मामांनी मान खाली घातली होती. "जाऊ द्या. तुमी बगितलं, त्यातच आलं," त्यांची समजूत आत्याच घालत होत्या.

आत्यांच्या गुडघ्याची सूज पुन्हा उतरली नाही. बारामतीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि चढ-उतार बंद म्हणून सांगितलं. मामांनी बाजारात पिशव्या कुणाच्याही पायरीवर टाकून आत्यांबरोबर फिरायला सुरुवात केली, पण आत्यांना आता दहा पावलंही चालवत नव्हतं. एकदा छत्री गेली, तर मामांनी मागं वळूनही बघितलं नाही. लाइट गेली की आत्या म्हणायच्या, "सांगा की तळ्याचं," आणि मामा उठून गोठ्याकडं जायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "मामा, का हो सांगत नाही?"

ते म्हणाले, "तिला सांगायला म्हणून मी तळं बगत आलो, पोरी. तिला दावायचं ध्येनातच न्हाय आलं." मला रडू आलं. मी आत निघून गेले.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत मी तापानं पडले होते. रणजित दुसऱ्या पाळीला कामावर गेलेला. आत्यांना तर आता खाटेवरून उतरतानाही आधार लागायचा. मामा म्हणाले, "मी करतो भाकऱ्या." मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला भाकरी येतेच. ते चुलीपुढं बसले आणि नेमकी लाइट गेली. मी पलीकडच्या भिंतीला पडून सगळं बघत होते.

"सांगा की तळ्याचं," आत्या खाटेवरून म्हणाल्या.

मामांचे हात पिठात होते, उठून जाता येईना. ते नुसतेच भाकरी थापत राहिले.

"बरं, मी सांगते," आत्या म्हणाल्या आणि सांगायला लागल्या. पाणी इतकं गार की मेंढरं अंग झाडतात. पलीकडचा कडा पाण्यात उलटा उभा राहतो. पुढची मेंढी बुजते, मागच्या आदळतात. एक शब्द इकडचा तिकडं नाही, सगळं मामांचंच. मामा जाळाकडं बघत ऐकत होते. सांगून झालं आणि आत्या थांबल्या. मामाही थांबले. पुढं काय म्हणायचं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

"हितं मी म्हनायची, मला बी न्या," आत्या हळूच म्हणाल्या.

"आन मी म्हनायचो..." मामांना पुढं बोलवलं नाही.

तव्यावरची भाकरी करपून गेली. मामांनी चांगल्या भाकऱ्या आत्यांना आणि मला वाढल्या, आणि ती करपलेली आपल्या ताटात घेतली.