पहिली सही सोडून बोला

कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल टाकून बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपणहून येतात, स्टूल ओढतात आणि चहा सांगतात. भोईवाड्यात माझं टेबल बावीस वर्षं आहे. पण गेल्या पोटनिवडणुकीच्या महिन्याभरात जेवढे जमले तेवढे त्या बावीस वर्षांत जमले नव्हते. लोक विचारतात, "शैलाताई, तुम्ही तर हरलात, मग एवढं काय रंगवून सांगता?" अहो, जिंकणाऱ्यांना हारतुरे मिळतात. किस्से आमच्याच वाट्याला येतात.

आमच्याकडे तीस वर्षं एकाच पक्षाचा आमदार. पक्षाचं नाव मी घेत नाही. आमच्या चाळीत कोणालाही विचारा, तोही आधी इकडेतिकडे बघेल.

*

सुरुवात शोकसभेपासून झाली. आमदारसाहेब वारले. माणूस वाईट नव्हता, बारशाला आणि मयताला हजर असायचा. चाळीच्या चौकात सतरंज्या पडल्या. पक्षाचं आमच्याकडचं सगळं काम सतीश मोरे बघतो. तळमजल्यावर आईबरोबर राहतो. त्याने दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि तिसऱ्या मिनिटाला जाहीर केलं, "साहेबांच्या जागी आता दादा, म्हणजे साहेबांचे चिरंजीव. निवडणूक बिनविरोध करायची, हीच खरी श्रद्धांजली. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. माझाही गेला. चाळीला ती सवयच आहे. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्याच्या तीन मीटिंगा अशाच झाल्या. बिल्डरचा माणूस समोर, मोरे शेजारी, आणि "करार मागाहून होईल, आधी खोल्या खाली करायला मंजुरी द्या, हात वर करा." कोणाचा हात खाली राहिला ते लगेच दिसतं, म्हणून कोणाचाच राहत नाही.

त्या दिवशी एक राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या जाधव सिस्टरचा. परळच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता रिटायर. अर्ध्या चाळीला त्यांनी सुया टोचल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायला कोणी धजत नाही.

"मोरे, साहेबांच्या शेवटच्या आजारात त्यांचं बीपी मीच बघत होते. मला वाईट वाटतंय," सिस्टर म्हणाल्या. "पण शोकसभेत आमदार निवडायची पद्धत कधीपासून आली?"

"सिस्टर, पण विरोधात आहेच कोण?"

"मी आहे," त्या म्हणाल्या आणि कुकर लावलाय म्हणून वर निघून गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलावर आल्या. अर्ज टाईप करायला. मी विचारलं, "सिस्टर, खरंच निवडून यायचंय?"

"वेडी आहेस का गं. मला मतदान व्हायला हवंय, बस. हात वर करायला सांगितलं की आपल्या चाळीत कोणी नाही म्हणत नाही. मशीनच्या पुठ्ठ्यामागे म्हणतील. एकदा म्हणून बघितलं की पुढची भीती जाते."

आता अपक्ष उमेदवाराच्या अर्जावर त्याच मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. त्यांना सूचक म्हणतात. दहा सह्या म्हणजे काय, आमच्या चाळीत गणपतीच्या वर्गणीला याहून जास्त माणसं दार उघडतात. आम्ही दोघी फॉर्म घेऊन निघालो.

पहिल्या खोलीत म्हणाले, "सिस्टर, तुमच्यासाठी काय पण. फक्त पहिली सही नको. दुसरी घ्या." दुसऱ्या खोलीत म्हणाले, "पहिली कोणाची आहे? अजून नाही? मग मी तिसरी करतो." वरच्या मजल्यावर एकीने चष्मा लावला, फॉर्म नीट वाचला आणि थेट शेवटच्या ओळीवर सही करून मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत दोन ते दहा सगळ्या ओळी भरल्या. पहिली ओळ कोरीच.

आठवी सही माझी होती. लपवत नाही. माझं टेबल फुटपाथवर आहे आणि फुटपाथ मोरेच्या मर्जीवर. सिस्टरनी फॉर्म बघितला, माझी आठवी सही बघितली, आणि तो पिशवीत ठेवून दिला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटली, अजून वाटते.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही परबकाकांच्या दाराशी गेलो. काका मालवणचे, गिरणीत जन्म गेला, आता वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या नातवाला नोकरी पक्षानेच लावलेली, म्हणून आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. काकांनी फॉर्म हातात घेतला, नऊ सह्यांवरून बोट फिरवलं आणि कोऱ्या ओळीवर थांबवलं.

"गो शैला, गिरणीत संपाच्या नोटिशीर पयली सही माझी व्हती. तेव्हा नोकरी गेली. आता माझा काय जातला?"

आणि केली सही.

*

मोरे काही झोपलेला नव्हता. छाननीच्या दिवशी त्याच्या वकिलाने हरकत घेतली की पहिल्या सूचकाची सही खोटी आहे. सूचकाने स्वतः नाकारलं तर अर्ज बाद होतो. आदल्या दिवशी काकांच्या नातवाला ऑफिसात बोलावून, आजोबांनी सही नाकारली नाही तर नोकरी जाईल, असं सांगितलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं.

निवडणूक अधिकाऱ्यांच्या खोलीत सिस्टर, काका आणि मी. बाकीचे सूचक खाली फुटपाथवर आले होते, पण एकमेकांना ओळखत नसल्यासारखे दहा दहा फुटांवर उभे.

अधिकाऱ्यांनी कागद काकांपुढे सरकवला. "आजोबा, ही सही तुमची?"

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. मान हलवली. "माझी दिसणा नाय."

वकील फाईल बंद करायला लागला.

"ह्यात हात थरथरलोहा," काका म्हणाले. "नातवाचो विचार करत व्हतंय. पेन आणा. परत करतंय."

आणि तिथल्याच एका कागदावर, सगळ्यांसमोर, अशी ठसठशीत सही केली की खाली टेबलाच्या काचेला ओरखडा पडला असेल. अधिकाऱ्यांनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि अर्ज वैध ठरवला. घरी जाताना काका भोईवाड्याच्या नाक्यावर एवढंच म्हणाले, "नातू दोन दिवस बोलाचो नाय. तिसऱ्या दिवशी भूक लागतली."

*

मग माघारीचा दिवस. दुपारी तीनला मुदत संपते. बाराला मोरे चार ज्येष्ठांना घेऊन सिस्टरच्या घरी. हातात शाल, नारळ आणि एक ट्रॉफी, ट्रॉफीवर सिस्टरचं नाव आधीच कोरलेलं. "सिस्टर, साहेबांच्या कुटुंबासाठी एवढा मोठेपणा दाखवा. स्टेजवर सत्कार करतो."

सिस्टरनी सगळ्यांना बसवलं. चहा केला. मग पोहे केले. मग ज्येष्ठांपैकी एकाला गरगरल्यासारखं वाटतंय म्हटल्यावर बीपीचं मशीन काढलं. एकाचं बघितलं म्हणून बाकीच्यांनीही बाह्या वर केल्या. शेवटच्या ज्येष्ठाचं निघालं एकशे सत्तर. सिस्टरनी त्यांना आडवं केलं, पंखा लावला आणि म्हणाल्या, "कोणी बोलायचं नाही, यांना शांतता हवी."

सगळे गप्प बसले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हं, आता बोला. माघारीचं काय म्हणत होता?"

नारळ तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच नारळाने प्रचाराची सुरुवात झाली. सिस्टर बौद्ध, त्या काही नारळ फोडायच्या नाहीत, पण परबकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ह्यो नारळ आणलो, तेकाय बरी बुद्धी दी रे म्हाराजा." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. सिस्टर हात जोडून उभ्या होत्या, आणि हसू दाबत होत्या.

*

चिन्ह मिळालं शिलाई मशीन. सिस्टर म्हणाल्या, घरात आहेच की. हातगाडीवर मशीन ठेवलं आणि निघालो लालबागच्या दिशेने. भाषणबिषण नाही. सिस्टर मशीनवर बसायच्या आणि बोलायच्या. तासाभरात बायका घरातून परकर, उशांचे अभ्रे, पोरांच्या फाटक्या चड्ड्या घेऊन उतरल्या. सिस्टर शिवत होत्या आणि सांगत होत्या, मत कोणालाही द्या, पण द्यायला जा.

तिसऱ्या दिवशी निवडणुकीचं भरारी पथक हजर. तक्रार आली होती. "मॅडम, फुकट शिवून देणं हे मतदाराला आमिष आहे."

सिस्टरनी विचार केला. "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." आणि कात्री काढून हातातल्या परकराची शिवण उसवायला घेतली.

ज्या बाईचा परकर होता ती पथकाच्या माणसावर धावून गेली. मागून बाकीच्याही आल्या, शिवलेले कपडे छातीशी धरून. पथकाचा माणूस मागे सरकत म्हणाला, "मॅडम, झालंय ते राहू द्या. नवीन घेऊ नका."

*

आमच्या प्रचारात एकच माणूस कायम तोंड वाकडं करून बसायचं, ते म्हणजे मोरेची आई. दारात खुर्ची टाकून. मी पत्रक पुढे केलं तर म्हणाली, "माझा मुलगा पक्षात आहे. मला कशाला देतेस?" मी पुढे गेले, तर मागून हाक. "इकडे आण. आहेत तेवढी दे. मागची बाजू कोरी आहे, पापड वाळत घालायला बरी."

मग रोज हेच. रोज मूठभर पत्रकं. मी सिस्टरना म्हटलं, म्हातारी आपला प्रचार पापडाखाली घालतेय. सिस्टर म्हणाल्या, "घालू दे. कोणाच्या तरी उपयोगी पडतोय."

*

मतदानाच्या पहाटे आमच्या बूथवर मी सिस्टरची एजंट. मागच्या तीन निवडणुकांत तिथे पक्षाखेरीज कोणाचा एजंटच बसला नव्हता. एजंटांच्या यादीत या वेळी माझं नाव पहिलं लिहा, असं मी सिस्टरना स्वतःहून सांगितलं होतं. मतदानाआधी मशीन तपासायला खोटं मतदान घेतात. प्रत्येक एजंटने आळीपाळीने बटण दाबायचं, मग मोजायचं आणि पुसून टाकायचं. मोजणी झाली. सिस्टर आणि दादा, बरोबरीत.

तीस वर्षांत पहिल्यांदा. मी अधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, इथेच थांबवता येत नाही का?"

ते हसले आणि त्यांनी सगळं पुसलं. पण सात वाजता दार उघडलं तेव्हा बाहेर रांग होती. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

*

निकालाचं काय सांगायचं? दादा दणदणीत निवडून आले, आमचं डिपॉझिट गेलं. पण मोजणी बूथवार होते, आणि आमच्या चाळीच्या बूथवर सिस्टरना एकशे सतरा मतं पडली. दहा सह्यांना घाम फुटलेल्या चाळीत.

मोरे संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फिरला. प्रत्येक दारात शपथा. "आम्ही नाही हो." "आईशपथ, दादांनाच." मला म्हणाला, "शैलाताई, सिस्टरचं आणि तुमचं धरलं तरी बाकीची एकशे पंधरा कोणाची?"

"मला काय माहीत? पुठ्ठा होता."

सिस्टरनी त्या आकड्याच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवली.

*

त्यानंतर पंधरा दिवसांनी पुनर्विकासाची चौथी मीटिंग. तोच चौक, त्याच सतरंज्या. बिल्डरचा माणूस समोर, मोरे शेजारी. या वेळी शेवटचं होतं. मंजुरी मिळाली की महिनाअखेर खोल्या खाली करायच्या, आणि करार अजूनही मागाहूनच होणार होता.

"सगळ्यांना पटलंय ना? मग हात वर करा," मोरे म्हणाला.

एकही हात हलला नाही. तोंडाने कोणी नाहीही म्हणालं नाही. सगळे नुसते बसून. मी सिस्टरकडे बघितलं, त्या परबकाकांकडे बघत होत्या. काका जमिनीकडे.

मग तळमजल्याच्या दारातली खुर्ची करकरली. मोरेची आई उठली. हातात पापडाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा. हळूहळू चालत पुढे आली आणि तो बिल्डरच्या माणसासमोरच्या टेबलावर ठेवला.

झाकणाला मधोमध चीर पाडलेली होती, कडा मेणबत्तीवर धरून गुळगुळीत केलेल्या. तिने झाकण उघडलं. आत चिठ्ठ्या होत्या, आमच्या पत्रकांच्या, सारख्या मापाच्या कापलेल्या, कोरी बाजू वर. खोलीमागे एक.

"सतीश," ती म्हणाली, "तू जरा भिंतीकडे तोंड कर."