दारातून न येणारा माणूस

परळच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे एक गृहस्थ "पनवेलला जाऊन येतो" म्हणतात आणि खुर्चीतून हलत नाहीत. सर्व्हर पनवेलला आहे. एसएसएच नावाच्या सुरक्षित वाटेने ते आपल्या डेस्कटॉपवरूनच त्यात शिरतात. पडद्यावर एका काळ्या खिडकीत इथला संगणक असतो, शेजारच्या तशाच खिडकीत तिथला. गावाकडून पदवी घेऊन आलेल्या मला त्यांनी हे न कंटाळता शिकवलं. स्वतःचा पासवर्ड टाकताना मात्र म्हणतात, "तुझ्यावर विश्वास आहे रे, पण तोंड तिकडे कर."

परवा घरी निघताना त्यांनी डेस्कटॉप बंद करायची आज्ञा चुकून पनवेलच्या खिडकीत टाइप केली. सर्व्हरच बंद झाला आणि त्यावरून जाणारे दवाखान्यांचे रिपोर्ट अडकले. बंद यंत्रात इथून शिरता येत नाही, तिथे जाऊन बटणच दाबावं लागतं. त्यांनी तिथल्या वॉचमनला फोन लावला.

"काका, आत जाऊन तेवढं बटण दाबा ना."

"तुम्ही कोण?"

"अहो, मी रोज येतो तिथे!"

"दारात मीच असतो. तुम्हाला कधी पाहिलं नाही. असं कुणाच्याही सांगण्यावरून मी खोली उघडत नाही."

मला वाटलं, आता भडकणार. ते उलट खुलले. "शाब्बास काका!" म्हणाले आणि स्वतःच पनवेलला धावले.

सर्व्हर सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. "काकांनी ओळखपत्र तपासलं, वर डबासुद्धा उघडून बघितला," ते अभिमानाने सांगत होते.