थापीकाकांची उत्तरेकडची भिंत

आमच्या शेजारच्या गवंड्याला सगळं गाव थापीकाका म्हणतं. हे नाव कोणी पाडलं ते विचारू नका, संशय माझ्यावर आहे. पण हातात थापी नसली तरी या माणसाचा हात हवेत गिलावा करत असतो, त्याला मी काय करू?

उभ्या जन्मात काकांनी घरं बांधली, गोठे बांधले, पाण्याच्या टाक्या बांधल्या. अभिमान मात्र एकाच कामाचा. टेकडीवरच्या जुन्या दगडी चर्चची उत्तरेकडची भिंत. आमचे आजे-पणजे त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन, तिथेच लग्नं लावून, शेवटी त्याच्याच मागच्या अंगणात निजले. काका तरुण होते तेव्हा ती भिंत ओल धरायला लागली. त्यांनी जुना चुन्याचा गिलावा खरवडला आणि आतून-बाहेरून सिमेंट चढवलं, असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. पुढे घरी नवा जावई आला की आधी भिंत दाखवायची, मग जेवण. थोरल्या जावयाने भिंतीचं कौतुक केलं नाही म्हणून त्याला दुसऱ्यांदा भात विचारला नाही, असं काकी सांगतात. काकी थोडं वाढवून सांगतात, उरलेलं मी वाढवते.

यंदा त्या भिंतीला पोट सुटलं. फादरनी शहरातून जुन्या इमारतींची जाणकार बाई बोलावली. तिने सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. दगड आणि चुना पाणी पितात तसं सोडतातही. सिमेंटने त्याची बाहेरची वाट बुजवली, पाणी आत कोंडलं आणि सांधे कुजले. सिमेंट उतरवलं तर भिंत वाचेलही. नाही तर वरच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाचं ठरलेलंच होतं, चर्चला कुलूप आणि रस्त्यालगत पत्र्याचा नवा हॉल.

सगळ्यांच्या माना मागच्या बाकावर बसलेल्या काकांकडे वळल्या. माझी जरा आधी.

त्या दिवसापासून काकांचं बूड एका जागी टेकेना. टेकडी चढायचे, उतरायचे, दारापर्यंत येऊन पुन्हा चढायचे. घरात असले की बोटांनी भिंती वाजवत फिरायचे. एकदा मधल्या भिंतीवर टकटक झाली तेव्हा मी आमच्या बाजूने वाजवून उत्तर दिलं, तर पलीकडे एकदम सामसूम. जेवताना म्हणायचे, त्या बाईला काय कळतंय. घास गिळायच्या आत म्हणायचे, बाई बोलली ते खोटं नाही. काकींनी शेवटी त्यांचं ताट ओट्यावरच वाढायला सुरुवात केली. उभ्याने जेवणाऱ्याला पाट कशाला मांडायचा?

फादर शहरातून कारागीर आणायचं म्हणाले, तेव्हा काका भर बैठकीत उठले.

"माझ्या भिंतीला परका हात लागायचा नाही. सिमेंट उतरवायचं तर मी उतरवीन."

फादरना धाकधूक होती की हे उतरवतात की राखण करत बसतात. पण काकांनी भिंतीला टेकू दिले, उभं राहायला परांची बांधली आणि बाईने सांगितलं तसं, यंत्र न लावता, छिन्नी-हातोडीने वरून सुरुवात केली. आम्ही बायका खाली खपल्या गोळा करायला होतो. म्हणजे त्या गोळा करत होत्या, मी बघत होते.

सिमेंट काही केल्या सुटेना. काकांचा सदरा घामाने पाठीला चिकटला. छिन्नी दोनदा निसटली, तसे ते वरून ओरडले, "कोणा गाढवाने एवढं घट्ट लावलंय!"

काकींनी पाटीतली खपली सरळ केली आणि मान वर न करता म्हणाल्या, "त्या गाढवाशी मी संसार केलाय. घट्टच लावतं ते."

हसण्यात आमचं काम थांबलं. काकासुद्धा हसले असावेत, परांची हलली.

मग एक मोठी ढलपी निघाली आणि मागचे दगड उघडे पडले. सांध्यांतला चुना भिजलेल्या रव्यासारखा होता, नुसत्या बोटाने निघत होता. काका तो चिमटीत घेऊन चोळत राहिले. खाली उतरले, पुन्हा वर गेले, पुन्हा तेच. माझ्या जिभेवर चांगली कोटी आली होती. गिळली.

पुढे सगळी भिंत उघडी झाली, तरी उभी राहिली. बाई येऊन हात फिरवून गेली. म्हणाली, आता हिला वाळू द्या. वाळली तर चुन्याचा पातळ गिलावा देऊ आणि चर्च राहील. कार्यालयाने तोवर कुलूप लांबवलंय.

काकांनी विचारलं, "किती दिवस?"

"ते सांगता येत नाही. ओल किती आत गेलीय त्यावर आहे."

"मग मी काय करू तोवर?"

"काही नाही, काका. हात लावू नका."

त्यापेक्षा बाईने त्यांना टेकडी हलवायला सांगितली असती तर बरं झालं असतं.

आता ते रोज त्या उघड्या दगडांसमोर हात पाठीमागे घट्ट धरून येरझाऱ्या घालतात. ऊन आलं की थांबून बघतात, ढग आला की त्याच्यावर चिडतात. प्रार्थना संपते, माणसं पांगतात, काकी फाटकाशी उभ्या राहून हाक मारतात, चला आता.

"तू हो पुढे," ते म्हणतात, आणि पुन्हा कोपऱ्यापर्यंत जाऊन वळतात.